वैजूची दृष्ट

आधीच सांगते, या सदरात लोक जे गूढ अनुभव लिहितात ते मी नेमानं वाचते, पण विश्वास ठेवून नाही. सुट्टीच्या दिवशी चहाबरोबर वाचायला बरं वाटतं, म्हणून. मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या औषध कंपनीत क्वालिटीला आहे, वीस वर्षांवर झाली. आमच्याकडे एखादा रिझल्ट आला की पुन्हा टेस्ट केल्याशिवाय त्यावर कुणी बोलत नाही. गावी आईनं अंगारे-धुपारे पुष्कळ केले. त्यातून कुणाचं काही बरं झालेलं मी पाहिलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि चढले ती असल्या गोष्टी गावाच्या वेशीवर ठेवून.

हे एवढं सांगून झालं. आता जे झालं ते सांगते.

मी शिकले ती मावशीमुळे. साताऱ्याकडच्या आमच्या छोट्या गावात शाळा दहावीपर्यंतच होती. पुढे काय, असा घरात विचार चाललेला, तेव्हा आईच्या थोरल्या बहिणीचं डोंबिवलीहून पोस्टकार्ड आलं — ‘वैजूला इकडे पाठवा.’ एवढी एकच ओळ. मग पाच वर्षं मी डोंबिवली पूर्वेला, त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये राहिले. मावशी, काका, त्यांची एकुलती एक मुलगी केतकी, आणि मी. मी सोळा वर्षांची, केतकी नऊ-दहा. त्या पाच वर्षांत मावशीनं एकदाही ‘तुझं’ आणि ‘आमचं’ केलं नाही. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला मी कृतघ्न वाटेन.

मला केतकीचा हेवा वाटायचा. सोळा वर्षांच्या घोडीला दहा वर्षांच्या पोरीचा! मी चुकून ‘व्हय’ म्हटलं की ती हसून हसून लोळायची, ते सोडा. पण त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर तिचं नाव होतं. ‘चि. केतकी हिच्या बारशानिमित्त’ — ताटावर, वाटीवर, पाणी प्यायच्या पेल्यावर. भांडी घासताना नाव बोटाला लागायचं. माझं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि तिथंही जन्मतारीख गुरुजींनी आपल्या मनानं एक जून टाकलेली. खरी कुणाला माहीतच नव्हती. तर मग वाढदिवस कुठला?

केतकीचा वाढदिवस मात्र व्हायचा, आणि त्याचं शूटिंगही व्हायचं. काका दोन वर्षं मस्कतला नोकरीला होते, येताना त्यांनी हँडीकॅम आणला. बिल्डिंगमधला पहिला. फक्त काकांना त्यातलं लाल बटण शेवटपर्यंत कळलं नाही. चालू केला म्हणायचे तेव्हा तो बंद असायचा, आणि बंद केला म्हणायचे तेव्हा चालू. त्यामुळे आमच्याकडच्या एकाही कॅसेटमध्ये केक कापताना दिसत नाही. आहे ते सगळं केक कापून झाल्यावरचं — फरशी, चपला, पंख्याचं पातं, आणि ‘आता बंद केलाय गं’ असा काकांचा समाधानी आवाज.

काका गेले. केतकी लग्न होऊन कॅनडाला गेली. गेल्या वर्षी डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा मी मावशीला माझ्याकडे बाळकुमला घेऊन आले. घरात कुणी नाही म्हणालं नाही. मावशीचं विसरणं तेव्हा सुरू झालेलं होतं, इथं आल्यावर वाढलं. आता ती मला केतकी म्हणते.

“केतकी, पाणी दे गं.”

“केतकी, वैजू कॉलेजातून आली का?”

सुरुवातीला मी सांगायचे, मावशी, मी वैजू. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी उगाच चेष्टा करतेय. मग सोडून दिलं. पण सकाळी तिला उठवा, आंघोळ घाला, भरवा, आणि हे सगळं केतकीच्या खात्यावर... खरं सांगते, आत कुठेतरी कढ यायचा. कॅनडात बसून ही माझ्या घरात राहत होती.

त्यातच केतकीचा व्हिडिओ कॉल आला. “ताई, आईची पंच्याहत्तरी! मी येतेय. त्या जुन्या कॅसेट्स डिजिटल करून घेशील? मस्त फिल्म करू, तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये लावू. आईला काहीतरी आठवेल.”

कॅसेट्स डोंबिवलीहून आणलेल्या बिस्किटांच्या डब्यात होत्या. नऊ. काकांच्या अक्षरात लेबलं — ‘केतकी वाढदिवस’, ‘केतकी गॅदरिंग’, ‘केतकी नवी सायकल’. नऊच्या नऊ.

ही छोट्या आकाराची कॅसेट चालवणारं मशीन आता सहज मिळत नाही. विचारत विचारत कल्याणला पश्चिमेला देसलेदादा सापडले. एके काळी लग्नांची शूटिंग करायचे. मोबाइल कव्हरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे. खिडक्या कायमच्या बंद, दाराच्या फटींना रबर, एसी चालू — धूळ नको म्हणून.

“ताई, ही पेनड्राइव्हसारखी कॉपी नाय होत,” ते म्हणाले. “तासाची कॅसेट तासच घेणार. ती तिच्या चालीनं चालणार, आपण बसायचं.”

“मी बसते,” म्हटलं.

तीन शनिवार दुपारभर मी तिथं बसले. खरं तर कॅसेट्स देऊन गेले असते तरी चाललं असतं. मला बघायचं होतं, की त्यात मी कुठे आहे का. नऊ तासांत कुठेतरी.

केतकी सायकलवर. केतकी गोल फिरतेय. केतकीचे नवे बूट, त्याच्यामागे भिंत. देसलेदादा हसले, “कॅसेटची हिरॉइनच आहे ही. बहीण का?”

“मावसबहीण.”

“आणि तुम्ही कुठे यात?”

“आहे मी... थांबा. ती बघा. ते कोपर.”

त्यांनी कॅसेट थांबवून नीट पाहिलं. “होय, कोपर आहे,” गंभीरपणे म्हणाले. चेष्टा करत नव्हते बिचारे. मला मात्र डोळ्यांत पाणी येईल असं झालं. पाच वर्षांचं एक कोपर, एका ठिकाणी वेणी, आणि प्लेट पुढे करणारा एक हात.

सातवी कॅसेट केतकीच्या दहाव्या वाढदिवसाची. मी डोंबिवलीला आले त्याच वर्षीची. दादांनी ती उजेडात धरली. “कडेला पांढरं पडलंय, दिसतं? बुरशी. साफ करतो, पण चित्र येईल असं सांगत नाय. आवाज येईल.”

या वाढदिवसाची संध्याकाळ माझ्या पक्की लक्षात आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती — आईला नाही, नवऱ्याला नाही.

केतकीला झालरींचा गुलाबी फ्रॉक होता. केक होता. मेणबत्त्या लावल्या, सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि माझ्या मनात आलं — हिला एकदा तरी काहीतरी होऊ दे. असंच आलं, शब्दांत. मी इतकी घाबरले, की पोटात दुखतंय म्हणून सांगून गच्चीवर जाऊन बसले, पाण्याच्या टाकीला टेकून. चार मजल्यांच्या वर, मोकळा वारा. खाली पाहुणे निघून गेले तरी मी तिथंच. आणि बसल्या बसल्या मला ठसका लागला. साधा नाही — कुणी नाकाखाली मूठभर मिरच्या जाळाव्यात तसा. डोळ्यांतून पाणी, छातीत आग, श्वास सापडेना. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. पाच-दहा मिनिटांनी आपोआप थांबला.

खाली उतरायला गेले तर गच्चीच्या जिन्यात, वरून दुसऱ्या पायरीवर, पाण्यानं भरलेला पेला. कुणीतरी विसरलं असेल असं वाटलं. घसा जळत होता. पेला उचलला, तर अंगठ्याखाली अक्षरं लागली... ‘चि. केतकी’. मी ते पाणी जिन्याच्या कोपऱ्यात ओतून दिलं.

रिकामा पेला घेऊन घरात गेले, तेव्हा मावशीनं विचारलं, “प्यायलीस ना?”

“हो,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी केतकी तापानं फणफणली. आठ दिवस अंथरुणाला खिळलेली. ते माझ्यामुळे झालं, हे मी सायन्सला ॲडमिशन घेतलेली मुलगी असून मनात धरून बसले. तीस वर्षं.

तर ती कॅसेट. पडद्यावर नुसता पाऊस पडल्यासारखे ठिपके. आवाज मात्र आला. पाहुणे गेलेले असावेत; भांड्यांचे आवाज, आणि काका — “बंद केलाय गं, शोकेसवर ठेवलाय.” मग मावशी. अगदी जवळून, हलक्या आवाजात. ती दृष्ट काढत होती. मिठा-मोहरीची मूठ आणि लाल मिरच्या ओवाळताना म्हणतात ते...

“आल्यागेल्याची, पैपाहुण्याची, शेजारणीपाजारणीची, घरच्याची, दारच्याची...” पुढे खर्रर्र आवाज झाला. आणि मग स्वच्छ — “वैजूची दृष्ट, जळून जाऊ दे.”

तव्यावर मिरच्या चरचरल्या. काका म्हणाले, “अगं, ठसका कसा नाही आला? जुन्या आहेत काय मिरच्या?”

“कालच आणल्यात,” मावशी म्हणाली. “केतकी, पेलाभर पाणी घेऊन...” आणि पुन्हा खर्रर्र.

देसलेदादा काही बोलणार, तेवढ्यात त्यांना खोकला आला. मग मला. घशात, नाकात, डोळ्यांत — मिरच्यांचा ठसका! दादांनी तोंडावर रुमाल धरून दार उघडलं आणि जिन्यात वाकून ओरडले, “अरे, कोण मिरच्या भाजतंय रे?”

खालून मोबाइलवाला ओरडला, “दादा, इथं गॅस तरी हाय का? वर काय झालं, खोकताय कशाला?”

खाली कुणी खोकत नव्हतं. जिन्यात वास नव्हता. त्या बंद खोलीतच होता तो, एसीच्या गार हवेत. दार उघडं ठेवून आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो, डोळे पुसत.

“कायतरी वायर जळली असेल,” दादा म्हणाले. आत जाऊन त्यांनी सगळ्या वायरी हुंगल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पण ताई, त्या कॅसेटमध्ये ठसका आला नाय ना त्यांना... दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाय. आमच्याकडे पण असंच म्हणतात.”

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. खरं सांगू? ठसक्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. दृष्ट काढताना ज्यांची ज्यांची नावं घेतात, त्यांची नजर लागलेली असते. पाहुण्यांची, शेजारणींची. आणि त्या यादीत मावशीनं माझं नाव घेतलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. माझ्या मनात काय आलं ते तिनं माझ्या डोळ्यांत वाचलं होतं, आणि तरी पाच वर्षं मला ताटावर बसवलं... की म्हणूनच बसवलं, नजरेसमोर ठेवायला?

पुढचे पंधरा दिवस माझे वाईट गेले. मावशीचं सगळं करत होते, पण हात कोरडे झालेले. “केतकी, भाजीत मीठ कमी आहे गं,” ती म्हणायची, आणि मी मीठ आणून ताटाशेजारी आपटायचे. केतकी फोनवर म्हणाली, “ताई, तू आईचं किती करतेस. मला इथं गिल्टी वाटतं.” मी मनात म्हटलं, वाटू दे.

एका रविवारी सकाळी मी मावशीचे केस विंचरत होते. खिडकीत ऊन आलेलं. आणि मला राहवलं नाही. ती मला केतकीच समजते ना? मग केतकीच होऊन विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला ‘आई’ म्हटलं.

“आई, मला वैजूची नजर लागायची का गं?”

मावशी म्हणाली, “उलटंच विचारतेस.”

“म्हणजे?”

“तुझी लागायची तिला.” तिनं मान वळवली, फणी केसांत तशीच. “खालची मास्तरीणबाई म्हणायची, काय पोर आहे, गावाकडून आली आणि वर्गात पहिली! मीसुद्धा म्हणायचे. तुझ्यासमोर म्हणायचे, ते चुकलंच माझं. तुझे डोळे असे बारीक व्हायचे... जळू नये गं बहिणीवर. तिला इथं कोण आहे आपल्याशिवाय?”

मी तिची मान सरळ करून पुन्हा विंचरायला लागले. “मग तिला समोर बसवून का नाही काढलीस?”

“ती कसली बसते! शिकलेली ना. हसली असती मला.” मावशी स्वतःच हसली. “म्हणून ती नसताना काढायची. रिकामा पाट मांडायचा आणि तिला मनात आणायचं. येते की.”

“येते?”

“न यायला काय झालं? हळू विंचर, ओढतेस.”

मी फणी ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसले की रडले, सांगता येणार नाही. ‘वैजूची दृष्ट.’ मी पंधरा दिवस एकच अर्थ धरून बसले होते. शेजारणीची दृष्ट म्हणजे शेजारणीनं लावलेली. पण ‘केतकीची दृष्ट काढली’ म्हणतो तेव्हा ती केतकीला लागलेली असते! एवढ्याशा ‘ची’मध्ये दोन्ही बसतं. मी मराठी पहिली भाषा म्हणून शिकलेली बाई, आणि हे मला सुचलं नाही. कारण मला माझं पाप ठाऊक होतं.

आणि एक कबूल करते. त्या आनंदात वाईट आनंदही होता. केतकी — गुलाबी फ्रॉकवाली, कॅनडावाली — माझ्यावर जळत होती! मला त्याचा पुरावा हवा होता. मी देसलेदादांना फोन केला.

“अजून एकदा साफ करून बघतो,” ते म्हणाले, “पण टेप पार जीर्ण झालीय. एकदाच चालेल. मग गेली.”

“चालवा.”

या वेळी चित्र आलं. वर-खाली थरथरत होतं, पण आलं. कॅमेरा शोकेसवर विसरलेला, समोर स्वयंपाकघराचं दार. दारापुढे पाट. पाट रिकामा. त्याच्यासमोर मावशी उकिडवी बसलेली, माझ्या आजच्या वयाची. मूठ फिरवतेय. आणि मूठ फिरत होती ती नेमकी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर. वरून खाली, खांद्यापाशी वळून, पायापर्यंत. मधेच तिनं थांबून डाव्या हातानं काहीतरी मागे सारलं... कपाळावर आलेले केस सारतात तसं. तिथं कुणी नव्हतं.

“आल्यागेल्याची, पैपाहुण्याची, शेजारणीपाजारणीची, घरच्याची, दारच्याची, माझ्या पोटच्या पोरीची... वैजूची दृष्ट, जळून जाऊ दे.”

मागच्या वेळी खर्रर्र झालं होतं तिथं ते तीन शब्द होते. माझ्या पोटच्या पोरीची.

आणि दाराच्या चौकटीला टेकून केतकी उभी होती. गुलाबी फ्रॉकमध्ये. रिकाम्या पाटाकडे बघत. तो चेहरा मी लगेच ओळखला. तसा चेहरा मी पाच वर्षं आरशात पाहिला होता.

मिरच्या चरचरल्या. काकांनी ठसक्याचं विचारलं. मावशी म्हणाली, “केतकी, पेलाभर पाणी घेऊन गच्चीवर जा. वैजूला ठसका लागला असेल.”

इथं टेप तुटली. देसलेदादांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही वाट बघत होतो. पण या वेळी खोलीत ठसका आला नाही. दादांनी एसी बंद करून दोनदा नाक वर केलं. “नाय,” म्हणाले. “कायच नाय.”

मी ती क्लिप फिल्ममध्ये घातली. हो, घातली. सायकल आणि गॅदरिंगच्या मधे. हॉलभर लोकांसमोर मावशीच्याच तोंडून सगळ्यांना कळू दे, कोण कुणावर जळत होतं. लोकांना सगळं कळेलच असं नाही, पण केतकीला कळेल, आणि मी तिच्याकडे बघत असेन.

पंच्याहत्तरीच्या आदल्या दिवशी दुपारी केतकी बॅगा घेऊन आली. मावशीला मिठी मारली. मावशीनं तिला ‘कोण हो तुम्ही?’ विचारलं. केतकी हसली, पण मग बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत होती. जेवणं झाली, मावशी आतल्या खोलीत झोपली, आणि मी म्हटलं, “फिल्म बघतेस?” हॉलपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता.

मी लॅपटॉपकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. क्लिप आली. तिचा चेहरा उतरला. मला हवा होता तसाच. फक्त त्यानं मला बरं वाटेना.

“मी नेलं होतं पाणी,” ती म्हणाली.

“काय?”

“आईनं सांगितलं म्हणून. गच्चीच्या दारातून पाहिलं तर तू टाकीपाशी वाकून खोकत होतीस. असं खोकत होतीस ताई, की... आणि मिरच्या तर आईनं खाली जाळलेल्या! मला वाटलं माझ्यामुळेच तुला काहीतरी झालं. मी पेला पायरीवर ठेवला आणि पळाले.”

“कुठल्या पायरीवर?”

“वरून दुसऱ्या. का?”

मी गच्चीवरच्या ठसक्याबद्दल कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पायरीबद्दल तर नाहीच.

“मग तुला ताप का आला?” मी विचारलं. एवढंच सुचलं.

“अगं, पाच कुल्फ्या खाल्लेल्या मी! पाहुणे गेल्यावर, लपून.” ती डोळे पुसत हसली. मग लॅपटॉपकडे बोट केलं. “हे उद्या लावणार आहेस?”

“नाही,” म्हटलं, आणि तिच्यासमोरच ती क्लिप फिल्ममधून काढली.

केतकी उठून स्वयंपाकघरात गेली. डोंबिवलीची भांडी मी वरच्या फळीवर ठेवलेली, तिथं खुडबुड केली. पेला भरून आणला आणि माझ्यासमोर धरला. “घे. तेव्हाचं राहिलंय.”

मी पेला हातात घेतला. अंगठ्याखाली अक्षरं लागली. घासून घासून पुसट झालीत आता. सगळं पाणी प्यायले.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मावशी झोपली आहे असं आम्ही समजत होतो. आतून तिचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

“वैजू, प्यायलीस ना गं?”

वर्षभरात तिनं मला माझ्या नावानं हाक मारलेली नव्हती. केतकीनं माझा हात घट्ट धरला.

“हो, मावशी,” मी म्हटलं. या वेळी खोटं नव्हतं.

त्यानंतर पुन्हा मी केतकीच आहे. दुसऱ्या दिवशी फिल्म लागली, सगळे चपला आणि पंखा बघून पोट धरून हसले, मावशीही हसली. तिला त्यातलं काही आठवलं की नाही, कळलं नाही. केतकी परत गेली. आता रोज फोन करते. मला तिचा हेवा वाटायचा पूर्ण थांबला का? नाही. कमी झालाय.

आमच्याकडे लॅबमध्ये रिझल्ट जुळला नाही की नवीन सँपल घेतात. इथं सँपलच उरलेलं नाही — टेप तुटली, डोंबिवलीची बिल्डिंग पाडली, ती गच्ची आता हवेत आहे. देसलेदादांना मी परवा पुन्हा फोन करून विचारलं, त्या दिवशी खोलीत नक्की काय झालं असेल? ते म्हणाले, “ताई, मी तुमच्याबरोबर खोकलो, एवढं सांगतो. पुढचं मला विचारू नका.”

मलाही पुढचं माहीत नाही. डोंबिवलीच्या त्या घरात मिरच्या जाळल्या आणि तिथं कुणाला ठसका आला नाही. तो कुठे गेला, ते मी सांगू शकते. कसा गेला, ते मला आजही सांगता येत नाही.